एक प्लग पॉइंट मागण्याआधी

दहा बाय बाराच्या खोलीत प्लग पॉइंट बहुधा दोनच असतात. एक फ्रिजने कायमचा अडवलेला. दुसऱ्यावर मिक्सर, इस्त्री, मच्छरांचं लिक्विड आणि घरातल्या चार मोबाइलांची पाळी लागलेली. संशोधनासाठी हवेतले कण मोजणारं यंत्र घेऊन कुणी मुंबईत गोवंडीत, धारावीत किंवा वरळी कोळीवाड्यात दारात उभं राहतं, तेव्हा ते त्या दुसऱ्या पॉइंटमध्ये वाटा मागत असतं. हातातल्या माहितीपत्रकात मात्र छापलेलं असतं, "सहभागासाठी आपणांस कोणताही खर्च येणार नाही."

खर्चाचा हिशोब करून बघा. पीएमएस५००३ हा कणमापक सेन्सर साधारण १०० मिलीअँपिअर घेतो. नोंदी घेणारा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, वायफाय धरून, सरासरी तेवढेच. ५ व्होल्टला मिळून एक वॉट. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ०.७२ युनिट, आणि चार्जरमधला तोटा धरला तर फार तर एक युनिट. बिलात अगदी थोडे रुपये. पैशांपुरतं पत्रक जवळजवळ खरं बोलतं. पण जिथे घराला स्वतःचं मीटर नाही आणि मालक पॉइंटमागे पैसे लावतो, तिथे हिशोब युनिटचा नसतोच. तिथे मालकाला नवी वायर दिसते आणि पुढच्या महिन्याचं भाडं निघतं. यावर तोडगा साधा आहे. यंत्रासोबत आयएसआय मार्कचा, स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड न्या, म्हणजे घराचा एकही पॉइंट कमी होणार नाही. काम संपल्यावर तो परत मागू नका. आणि मालकाशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, हे भाडेकरूला विचारून ठरवा. आपण परस्पर मालकाकडे गेलो तर भाडेकरूच्या अडचणीत भर पडते.

इंजिनिअरिंगच्या विभागांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आम्ही माणसांवर प्रयोग करत नाही, हवेवर करतो, मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, कशाला? हे वाक्य टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा सेन्सरच्या फाइलमध्ये जास्त स्वच्छ दिसतं.

मिनिटाला एक नोंद धरली तर एका घरातून दिवसाला १,४४० आकडे येतात. वीस घरं, चौदा दिवस: ४,०३,२०० ओळी. यातल्या एका घराचा एका दिवसाचा आलेख काढून भिंतीवर लावा आणि त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. पहाटे साडेपाचला एक छोटं टोक, पंधरावीस मिनिटांत ओसरणारं: उदबत्ती. सातच्या सुमाराला दोन-तीन उंच, अणकुचीदार टोकं: फोडणी. दुपारी शांतता. रात्री दहाला रेघ वर चढते आणि पहाटेपर्यंत तशीच सपाट राहते: मच्छर अगरबत्ती. रात्री साडेअकराला पाच मिनिटांचं एक टोक, रोज त्याच वेळी: घरात कुणीतरी बिडी-सिगारेट ओढतं, आणि कदाचित घरातल्यांना ते माहीत नाही. शनिवार-रविवार पूर्ण सपाट: मंडळी गावाला गेली होती, घर बंद होतं. रोज अकरा ते पाच खडबडीत रेघ: घरात काहीतरी काम चालतं, सोल्डरिंग असेल, इमिटेशन दागिन्यांचं पॉलिश असेल, फरसाण तळणं असेल, आणि त्याचा परवाना असेलच असं नाही.

हवेचा आलेख म्हणून जो कागद दाखवला जातो, ती त्या घराची दिनचर्या असते. चोराला, मालकाला, पालिकेच्या लायसन्स खात्याला आणि सासूला, प्रत्येकाला त्यात वेगळं काहीतरी वाचता येतं.

म्हणून डेटा कसा ठेवायचा हा प्रश्न यंत्र जोडण्याच्या आधीचा आहे. मिनिटाच्या नोंदी लागतात, पण त्या सेन्सर बिघडला की नाही हे तपासण्यापुरत्या. तपासणी झाली की तासाची सरासरी काढा आणि प्रकाशनात, सादरीकरणात, कुणालाही पाठवायच्या फाइलमध्ये तीच वापरा. चार लाख ओळींच्या ६,७२० होतात आणि बिडीचं टोक त्यात विरघळून जातं. कच्च्या नोंदी कूटबद्ध करून वेगळ्या ठेवा आणि त्या कधी पुसणार त्याची तारीख अर्जातच लिहा. घरांना क्रमांक देताना गल्लीच्या क्रमाने ०१, ०२, ०३ देऊ नका. वस्तीतल्या कुणालाही तो क्रम ओळखता येतो. क्रमांक आणि पत्ता जोडणारा कागद एकच असावा, कुलपात असावा आणि लॅपटॉपवर नसावा.

जीपीएसचं तर वेगळंच. अक्षांश-रेखांशाचा पाचवा दशांश म्हणजे जेमतेम एक मीटर. आठ-आठ फुटांवर दरवाजे असलेल्या गल्लीत पाच दशांश छापणं म्हणजे दारावरची पाटी छापणं. तीन दशांश ठेवले तर शंभर-एक मीटरचा पट्टा होतो, धारावीत त्यात शेकडो घरं येतात. पण कोळीवाड्याच्या समुद्राकडच्या टोकाला त्याच शंभर मीटरमध्ये चारच घरं असू शकतात. नियम दशांशांचा नसावा, घरांच्या संख्येचा असावा.

वायफाय ही आणखी एक खाच. "ताई, तुमच्या वायफायला जोडतो" असं सहज म्हटलं जातं. ईएसपी३२ तो पासवर्ड आपल्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, साठवतो आणि वेगळी तजवीज केली नाही तर उघडाच साठवतो. दोन महिन्यांनी तोच बोर्ड दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात जातो, पासवर्डसकट. घरच्या वायफायला हात लावू नये. गल्लीत एक स्वतःचा हॉटस्पॉट ठेवावा, नाहीतर सरळ एसडी कार्डावर नोंद करावी. सोबत डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावावी, कारण वीज गेल्यावर बोर्डाचं स्वतःचं घड्याळ वेळ विसरतं आणि मग फोडणी मध्यरात्री दिसू लागते. बोर्ड परत आला की फ्लॅश पूर्ण पुसूनच कपाटात.

बंद करायचं बटण

संमतीबद्दल जेवढं लिहिलं जातं त्यातलं बहुतेक कागदाबद्दल असतं. पण "तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता" हे वाक्य कागदावर असून यंत्राला बटणच नसेल, तर ते वाक्य खोटं आहे. विद्यार्थी बटण काढून टाकतात, कारण मधेच कुणी बंद केलं तर डेटात भोक पडतं. कार्यक्षमतेच्या नावाखाली घेतलेला हा निर्णय खरं तर नैतिकतेचा प्रश्न आहे, आणि तो पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, आराखड्यात घेतला जातो, कमिटीच्या बैठकीत नाही.

बटण द्या. डब्याच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याने दाबता येईल असं, आणि त्यावर 'चालू / बंद' असं देवनागरीत लिहा. बटण दाबल्यावर फक्त नोंद थांबावी, बोर्ड जिवंत राहावा, म्हणजे फाइलमध्ये 'घरच्यांनी बंद केलं' अशी ओळ पडते आणि नंतर तिची बिघाडाशी गल्लत होत नाही. प्लग उपटला तर हा फरक कळत नाही. डेटात भोकं पडणार हे गृहीत धरून घरं आधीच जास्त घ्या. वीस हवीत तर चोवीस-पंचवीस. पाहुणे आले, घरात भांडण झालं, कुणी आजारी पडलं, की लोक बटण दाबतात. दाबू देत. बटण एकदाही दाबलं गेलं नाही असं घर दिसलं तर उलट शंका घ्यावी: बटण कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

डब्यावर आकडा दाखवणारा छोटा पडदा लावायचा का? लोकांना तो आवडतो, आणि आपण त्यांच्या घरात काय करतोय हे त्यांना दिसतं. पण पडदा लावला की तिसऱ्या दिवसापासून फोडणी खिडकी उघडून होते आणि आपण मोजतो ती नेहमीची हवा राहत नाही. दोन्ही बाजूंना दम आहे. मला पटणारा मार्ग असा: पहिला आठवडा पडदा झाकलेला, दुसरा उघडा, आणि हे आधीच सांगून. झाकलेल्या आठवड्याचे आकडेही शेवटी त्यांच्या हाती जातात.

कार्बन मोनॉक्साइड मोजणार असाल तर मात्र तडजोड नाही. पंधरा दिवसांनी कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं आणि त्यात दिसलं की बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे चौथ्या रात्री घातक पातळी गाठली होती, तर ते संशोधन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासाची मर्यादा घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग). त्या पातळीला डब्यातला बझर वाजलाच पाहिजे, आणि वाजल्यावर काय करायचं ते डब्याच्या बाजूला तीन ओळींत चिकटवलेलं हवं: गीझर बंद करा, दार-खिडकी उघडा, सगळे बाहेर या. आणि लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारा एमक्यू-७ सेन्सर लावून भागवू नका. त्याच्या हीटरला ५ व्होल्टवर ६० सेकंद आणि १.४ व्होल्टवर ९० सेकंद असं आलटून पालटून चालवावं लागतं. बहुतेक जण त्याला सरळ ५ व्होल्ट देऊन टाकतात आणि मग जे येतं त्याला आकडा म्हणतात. तीन वेळा खोटा वाजलेला बझर चौथ्यांदा खरा वाजला तर कुणी उठत नाही. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर घ्या, नाहीतर हा वायू मोजायचा मोह सोडा.

"सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून…"

कमिटीबद्दल थोडक्यात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत. घरातली हवा आणि घरातल्यांचा खोकला एकाच अभ्यासात विचारला की आपण त्यांच्या कक्षेत आलो. समितीत ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्राचा आणि एक सामान्य नागरिक. जोखीम कमी असेल तर पूर्ण बैठकीऐवजी जलद तपासणी होते. त्यासाठी अर्जात जोखमीच्या रकान्यात 'नाही' लिहू नका. 'दिनचर्या उघड होणे, मालकाशी वाद, वायर व शॉर्ट सर्किट' असं लिहा आणि प्रत्येकापुढे उपाय. 'नाही' लिहिलेला अर्ज प्रश्नांसकट परत येतो आणि महिना जातो.

माहितीपत्रकाची भाषा हा मात्र लांबणीवर टाकायचा विषय नाही. सरकारी मराठीत एक वाक्य बघा: "सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, सहभाग मागे घेण्यास मुक्त आहे." हेच असं लिहिता येतं: "नको असेल तर नको म्हणा. आज हो म्हणून उद्या नको म्हटलं तरी चालेल. का, ते आम्ही विचारणार नाही." दुसऱ्या मजकुरात कायद्याच्या दृष्टीने काहीच कमी नाही, आणि मावशींना तो वाचून दाखवताना आपली जीभ अडखळत नाही. पत्रक दोन पानांत, चौदा पॉइंटच्या अक्षरात बसलं पाहिजे. बसत नसेल तर अभ्यासच पसरलेला आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय दिला आहे. मुंबईत याचा अर्थ फक्त मराठी असा होत नाही. धारावीत तमिळ लागेल, गोवंडीत हिंदी आणि उर्दू. मराठीचा आग्रह पाट्यांसाठी ठेवावा; संमती ज्याच्या त्याच्या भाषेत.

वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा चालतो, पण सोबत निःपक्ष साक्षीदार लागतो, म्हणजे आपला विद्यार्थी नव्हे आणि मंडळाचा कार्यकर्ताही नव्हे. सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि बारा ते अठरा वयाच्यांची लेखी सहमती, आणि आई-वडिलांची संमती त्याशिवाय वेगळी. आणि कळलं का हे तपासायला "समजलं ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मुंबईत सौजन्य म्हणून 'हो' असंच येतं. "शेजारच्या काकूंनी विचारलं की हे काय लावलंय, तर तुम्ही काय सांगाल?" असं विचारा. उत्तर आलं की "सरकारने लावलंय, घर मिळणार आहे," तर पत्रक बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात. पुनर्विकासाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या वस्तीत नंबर टाकलेला कोणताही डबा पात्रतेचा पुरावा वाटतो. हा गैरसमज दुरुस्त न करता सही घेणं ही फसवणूकच, मग ती आपण केली नसली तरी.

सही कुणाची, हाही प्रश्न आहे. दारात सासरे भेटतात, सही तेच करतात, आणि यंत्र सुनेच्या ओट्याशेजारी लागतं. दिवसाचे तीन तास त्या धुरात उभी ती राहते. मोजला जातो तो तिचा स्वयंपाक. तिला वेगळं, ती निवांत असेल तेव्हा विचारायला हवं. दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक वस्त्यांत बरी. पाण्याच्या वेळेला दार वाजवणाऱ्याला वस्तीतलं काहीच कळत नाही, हे लोक पहिल्या दिवशीच ठरवून टाकतात. पहिल्या भेटीत सही घेऊच नये. पत्रक ठेवून यावं आणि दोन दिवसांनी परत जावं.

मंडळाच्या अध्यक्षांची किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते, नाहीतर गल्लीत पाऊल टाकता येत नाही. पण ती गल्लीत शिरायची परवानगी. घरात शिरायची वेगळी. "दादांनी सांगितलंय" हे ऐकून दिलेला होकार होकार नसतो. या शहराला ही गोष्ट जुनी आहे. १८९७ च्या जानेवारीत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० तारखेला आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. स्वतःला आधी टोचून घेणं हे मोठंच होतं. पण कोठडीतल्या माणसाची 'स्वेच्छा' किती वजनाची, हा प्रश्न त्या मोठेपणाने सुटत नाही. आजच्या तत्त्वांत कैदी, विद्यार्थी, नोकर यांना विशेष संरक्षण आहे ते याचसाठी. प्राध्यापकाच्या वर्गातले विद्यार्थी, कारखानदाराच्या छपराखाली राहणारे कारागीर, बचत गटाच्या ताईंच्या शब्दाबाहेर नसलेल्या बायका: तुरुंग नाही, पण 'नाही' म्हणायला जागाही नाही. तिथे निमंत्रण अशा माणसाने द्यावं ज्याच्या हातात त्यांचे गुण, मजुरी किंवा कर्ज नाही.

दमट हवेचा आकडा

चुकीचा आकडा न सांगणं हाही नैतिकतेचाच भाग आहे, आणि मुंबईत स्वस्त सेन्सर चुकण्याचं पहिलं कारण दमटपणा. हे सेन्सर कण तोलत नाहीत. लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते बघून अंदाज बांधतात. हवा ओली झाली की कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. धूळ तेवढीच असते. मिठाचे कण तर साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळून थेंबच होतात. कोळीवाड्यात समुद्राची खारी हवा आणि पहाटेची आर्द्रता एकत्र आली की सेन्सर घाबरवणारे आकडे देतो, तेव्हा बाहेर बोंबील वाळत असतात आणि हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते.

किती फरक पडतो ते बघा. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेने, तिथल्या याच जातीच्या सेन्सरांसाठी एक सूत्र काढलं: आकड्याला ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेच्या ०.०८६२ पट वजा करा, ५.७५ मिळवा. सेन्सर १०० दाखवतोय आणि आर्द्रता ८५ टक्के आहे, तर ५२.४ वजा ७.३ अधिक ५.७५, म्हणजे जवळपास ५१. शंभराचे एक्कावन्न. आपल्याकडे पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं, चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. एक आकडा त्याच्या वर, दुसरा खाली. हे सूत्र उचलून मुंबईला लावायचं नाही, कारण तिथला धूर वेगळा, इथला वेगळा. करायचं ते असं: सगळे सेन्सर वस्तीत नेण्याआधी दोन आठवडे एखाद्या सरकारी हवा निरीक्षण केंद्राच्या बीटा मापकाशेजारी (बीटा किरणांनी कणांचं वस्तुमान मोजणारं प्रमाण यंत्र) टांगा, काम झाल्यावर पुन्हा दोन आठवडे, आणि त्यातून आपलं सूत्र बांधा. पावसाळ्यातलं वेगळं, हिवाळ्यातलं वेगळं. केंद्रावर परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून पत्र यंत्राची ऑर्डर देण्याआधी टाका.

घरात लावतानाच्या चुका नेहमीच्याच आहेत. ओट्याच्या अगदी वर लावला तर तेलाचा चिकटा लेझरच्या काचेवर बसतो आणि आठवड्यात सेन्सर आंधळा होतो. किमान दीड मीटर लांब ठेवा. पंख्याच्या झोतात नको. भिंतीला छिद्र टेकेल असा नको. जमिनीपासून उंची ठरवताना घरातले जेवायला, झोपायला, अभ्यासाला जमिनीवर बसतात हे लक्षात घ्या. पुस्तकातली दीड मीटरची 'श्वासाची उंची' उभ्या माणसाची आहे. पालीला उबदार डबा फार आवडतो, मुंग्यांनाही. हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावा, पण इतकीही बारीक नाही की कणच अडतील. पावसाळ्यात वायरीला डब्याखाली झोल सोडा, गळकं पाणी झोलावरून खाली टपकतं, डब्यात शिरत नाही.

आणि प्रत्येक डब्यावर क्रमांक, प्रत्येक हाताळणीची वहीत नोंद. हे कारकुनी वाटतं. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांच्या लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. लस परळच्या प्रयोगशाळेतली. त्या दिवशी तिथे १०७ जणांना टोचलं होतं आणि दगावलेले सगळे एकाच बाटलीचे: ५३-एन. बाटलीला क्रमांक होता म्हणून 'एकाच बाटलीचे' हे म्हणता आलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे चौकशीत आलं. हाफकिन यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडलं. क्रमांक नसता तर पुसलाच गेला नसता. आपल्या डब्याने कुणी मरणार नाही, हे खरं. पण वस्तीतल्या नोंदी न्यायालयात जातात. मुंबईतल्या माहुल-आंबापाड्याच्या हवेचा खटला राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला तेव्हा रहिवाशांच्या आरोग्याचं सर्वेक्षण पुरावा म्हणून वाचलं गेलं. अशा वेळी "डबा ११ मधे बदलला होता वाटतं" असं म्हणणारी वही वस्तीच्या विरुद्ध साक्ष देते.

आकडे परत देताना

निकाल पहिल्यांदा घरच्यांना, मग गल्लीला, मग परिषदेला, मग वर्तमानपत्राला. हा क्रम उलटा झाला तर पुढच्या संशोधकाला त्या वस्तीत दार उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. घरच्यांना एका पानाचा कागद, फक्त त्यांच्या घराचा, हातात. गल्लीच्या सभेत मात्र एकाही घराचा आलेख दाखवायचा नाही, क्रमांक झाकूनही नाही. लोक टोकांवरून घर ओळखतात.

एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचे, रंग मिनिटाच्या टोकाला लावायचे नाहीत. ते रंग चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहेत आणि मानक बाहेरच्या हवेचं आहे. फोडणीच्या तीन मिनिटांना लाल-किरमिजी रंगवलं की बायका एकमेकींकडे बघतात आणि नवरे बायकांकडे. दोष मिरचीचा नसतो. खिडकी ज्या तीन फुटी गल्लीत उघडते तिथेच समोरच्याचा एक्झॉस्ट उघडतो, हे त्या आलेखात कुठेच येत नाही; ते बोलून सांगावं लागतं.

आकड्यामागचं कारण सोबत गेलं नाही तर आकडा शिवी होतो. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी केलेलं करोनाच्या अँटिबॉडीचं सर्वेक्षण आठवा. आर उत्तर, एम पश्चिम, एफ उत्तर हे तीन वॉर्ड, सुमारे ६,९०० नमुने. अँटिबॉडी सापडल्या त्या वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांत, इमारतींमध्ये १६. दाट वस्ती आणि सामायिक शौचालयं हे संभाव्य कारण निकालासोबतच सांगितलं गेलं होतं. लक्षात राहिले ते दोन आकडे. म्हणून सभेसाठी कागद बनवताना आकडा आणि कारण एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात असावं, कापून फॉरवर्ड करणाऱ्याला कारण कापता येऊ नये असं.

सभा रात्री साडेआठनंतर, मंडळाच्या हॉलमध्ये, चहासकट, पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं आपली, उरलेली त्यांची. हा हिशोब उलटा असतो तेव्हा ते व्याख्यान होतं. व्याख्यानं वाईट नाहीत. टीआयएफआरचं 'चाय अँड व्हाय?' २००९ पासून चाललंय, मराठी विज्ञान परिषद तर १९६६ पासून मराठीत विज्ञान सांगतेय, आणि दोन्हीकडे प्रश्न विचारायला जागा असते. पण तिथे लोक आपण होऊन येतात. इथे आपण त्यांच्या ओट्यापर्यंत गेलेलो असतो, त्यामुळे "मग आता काय करायचं?" हा प्रश्न येतोच आणि त्याला उत्तर लागतं. एअर प्युरिफायर घ्या, हे उत्तर नव्हे; त्याला तिसरा प्लग पॉइंट लागतो. मच्छर अगरबत्तीऐवजी जाळी, समोरासमोरच्या एक्झॉस्टची तोंडं वर वळवण्यासाठी गल्लीने मिळून केलेलं पत्र्याचं काम, शौचालयामागे कचरा जाळणं थांबवायला वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज, आणि त्या अर्जाला जोडायला आपल्या सहीचा, तासाच्या सरासरीचा तक्ता. सही द्यायची तयारी नसेल तर हे आधी, माहितीपत्रकातच, सांगून ठेवायला हवं होतं.

यंत्र काढायला जाताना पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पांढरं सिमेंट, छोटी पट्टी आणि ओलं फडकं न्या. भिंतीतली सहा मिलिमीटरची दोन भोकं बुजवा, पट्टीने सपाट करा, खालची धूळ पुसा. डबा लावायला जी तसबीर खाली काढली होती ती पुन्हा कुठल्या खिळ्याला लावायची ते घरातल्यांना विचारा, आणि लावून द्या.